माफ करायचे, पण काय झाले ते कळल्यावर

एक्स-रेला आपल्या घरांत अजून ‘फोटो’च म्हणतात. ‘डॉक्टरांनी फोटो काढायला सांगितलाय’ म्हटले की ऐकणाऱ्याला काळजी वाटत नाही. ऑपरेशन ठरले की घरात यासीन पढली जाते, सदका निघतो, पुण्या-मुंबईची माणसे फोन करतात. सीटी किंवा एमआरआय ठरले की चौकशी फक्त पैशांची होते. कापाकापी नाही, टाके नाहीत, अर्ध्या तासात बाहेर. त्या खोलीत काही गंभीर घडू शकते हे आपल्या मनातही येत नाही, आणि घडलेच तर पुढे काय करायचे हे घरात कोणाला ठाऊक नसते. आम्हालाही नव्हते. आमच्या खालाच्या निमित्ताने ते कळले, म्हणून हे लिहीत आहोत.

या विभागाची एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. वॉर्डातली सिस्टर रुग्णाला चेहऱ्याने ओळखते. कोणाला कमी ऐकू येते, कोणाचा मुलगा रात्री येतो, कोणाला गोळी चालत नाही, हे तिला दोन दिवसांत पाठ होते. एक्स-रे, सीटी, एमआरआयच्या विभागात सगळ्या वॉर्डांचे रुग्ण येतात आणि वीस मिनिटांत जातात. तिथे माणूस ओळखीचा नसतो, फॉर्म ओळखीचा असतो. फॉर्म आणि माणूस यांची चुकामूक झाली की पुढचे सगळे काम, कितीही काळजीपूर्वक केले तरी, चुकीच्या माणसावर होते.

एमआरआयचा धोका आणखी निराळा आहे. मुंबईच्या नायर रुग्णालयात २७ जानेवारी २०१८ रोजी झालेला अपघात अनेकांना आठवत असेल. बत्तीस वर्षांचा एक तरुण नात्यातल्या वृद्ध बाईंना एमआरआयसाठी सोबत करायला आला होता. बाईंचा ऑक्सिजन सिलिंडर त्याच्या हातात होता. मशीन बंद आहे, आत आणा, असे वॉर्डबॉयने सांगितले, असे घरच्यांचे म्हणणे. तो आत गेला आणि सिलिंडरसकट मशीनमध्ये ओढला गेला. थोड्याच वेळात त्याचा मृत्यू झाला.

‘मशीन बंद आहे’ हे वाक्य एमआरआयच्या बाबतीत जवळजवळ कधीच खरे नसते. आतला चुंबक अतिशय थंड द्रवरूप हेलियममध्ये ठेवलेला असतो आणि तो रात्रंदिवस, ईदच्या सुट्टीतसुद्धा, चालूच असतो. तपासणी थांबते, ओढ थांबत नाही. दीड टेस्लाच्या साध्या मशीनची ओढ पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट भरते. हे त्या तरुणाला माहीत असण्याचे कारण नव्हते. तो पाहुणा होता.

आम्हाला अस्वस्थ केले ते पुढच्या माहितीने. जुलै २००१ मध्ये अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या एका रुग्णालयात, सहा वर्षांचा मुलगा एमआरआयमध्ये असताना कोणीतरी खोलीत ऑक्सिजन सिलिंडर आणला. तो उडून मुलाच्या डोक्यावर आदळला, मूल गेले. त्या मृत्यूनंतर तिथल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने नियमावली काढली. विभागाचे चार टप्पे पाडायचे, शेवटच्या दोन टप्प्यांत प्रशिक्षित माणसाच्या सोबतीशिवाय कोणी पाऊल टाकायचे नाही, सिलिंडर लागलाच तर चुंबकाला न चिकटणाऱ्या धातूचा. नोव्हेंबर २०१४ मध्ये आपल्या नवी मुंबईत, खारघरला, वॉर्डबॉय आणि टेक्निशियन सिलिंडर आणि मशीन यांच्यामध्ये सुमारे चार तास अडकून पडले. दोघे जबर जखमी झाले, वाचले. ही बातमी वर्तमानपत्रांत आली होती. खारघरपासून नायर रुग्णालय ते कितीसे दूर? तरी चार वर्षांच्या आत तोच सिलिंडर, तशीच खोली.

नायर प्रकरणात पोलिसांनी निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा नोंदवला, डॉक्टर आणि वॉर्डबॉयला अटक झाली, सरकारने कुटुंबाला पाच लाखांची मदत जाहीर केली. कायद्याने आपले काम करावे, आमचे काही म्हणणे नाही. पण वॉर्डबॉयला पकडल्याने दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रुग्णालयातला दुसरा वॉर्डबॉय शहाणा होत नाही. दारावर धातू ओळखणारे यंत्र होते का, पहारा कोणाचा होता, त्या वॉर्डबॉयला चुंबक नेहमी चालू असतो हे कधी कोणी शिकवले होते का, हे प्रश्न अटक झाली की मागे पडतात.

आता आमच्या घरची गोष्ट. रुग्णालयाचे नाव लिहीत नाही.

खाला चौसष्ट वर्षांची, कानाने थोडी मंद. न्हाणीघरात पाय घसरून पडली, डोक्याला खोक पडली. आमच्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात दाखल केले. डॉक्टरांनी डोक्याचा साधा सीटी लिहून दिला. साधा म्हणजे डायचे इंजेक्शन न देता. खालाला पूर्वी हृदयाच्या तपासणीच्या वेळी डायची रिअॅक्शन आली होती आणि तिच्या केस पेपरवर ते लाल अक्षरांत लिहिलेले होते.

त्याच सकाळी सीटीच्या बाहेर आणखी एका बाईचा स्ट्रेचर होता. तिच्या पोटाचा सीटी व्हायचा होता, डाय देऊन. तिचे नाव, आडनाव तेच. आपल्याकडे हे किती सहज घडते! शेख, सय्यद, पठाण, खान या चार-पाच आडनावांत अर्धे गाव बसते, नावेही तीच पंधरा-वीस. त्यात कागदावर कधी ‘बी’, कधी ‘बेगम’, कधी शेख आधी, कधी शेवटी. नाव सारखे असले तर जन्मतारीख पाहावी, असे रुग्णालयाचे शास्त्र सांगते. आम्ही शिक्षक असल्याने त्या शास्त्राला आपल्या भागात कुठे भोक पडते ते आम्हाला ठाऊक आहे. जुन्या काळी शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता येत नसे आणि हेडमास्तर १ जून लिहून मोकळे होत. जे शाळेतच गेले नाहीत त्यांच्या आधारवर १ जानेवारी आली. खालाची तारीख १ जून. त्या बाईचीही १ जून. फरक फक्त सालात.

खालाची मुलगी, आमची आपा, पावती फाडायला खिडकीवर गेली होती. तेवढ्यात वॉर्डबॉयने नाव पुकारले. खाला ‘जी’ म्हणाली. आत टेक्निशियनने विचारले, “तुम्ही अमुक अमुक ना?” ती पुन्हा ‘जी’ म्हणाली. समोर फॉर्म दुसऱ्या बाईचा होता. त्यावर लाल अक्षरे नव्हती.

डाय गेल्यावर काही मिनिटांत खालाच्या अंगावर पित्त उठले, ओठ सुजले, श्वास घरघरू लागला, ब्लडप्रेशर उतरले. तिथल्या माणसांनी त्या क्षणी जे करायचे ते नीट केले, हे आम्ही आवर्जून लिहितो. इंजेक्शन तिथेच दिले, ऑक्सिजन लावला, पळत आयसीयूत नेले. दोन रात्री खाला आयसीयूत होती. अलहम्दुलिल्लाह, वाचली.

बाहेर आम्हाला सांगण्यात आले, “डायची रिअॅक्शन कोणालाही येऊ शकते.” हे वाक्य खोटे नाही, म्हणूनच ते जास्त वाईट. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ते लगेच स्वीकारले. अल्लाहची मर्जी होती, जान वाचली, शुक्र करा, आता डॉक्टरांच्या मागे लागू नका. दुसरीकडे मोहल्ल्यातली आठ-दहा पोरे गेटवर जमली होती आणि त्यांचा रंग चांगला दिसत नव्हता. त्यांना चहा पाजून घरी पाठवताना आमची दमछाक झाली. रुग्णालयात तोडफोड, मारहाण केली तर महाराष्ट्रात २०१० पासून वेगळा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, वर नुकसानीची दुप्पट भरपाई. पण आम्ही त्यांना कायद्याचा धाक घातला नाही. काच फुटली की मग काचेचीच चौकशी होते, खालाचे काय झाले ते कोणी सांगणार नाही, एवढेच म्हणालो.

मग आपाने एक साधा प्रश्न विचारला. डोक्याच्या सीटीचा रिपोर्ट कुठे आहे?

रिपोर्ट नव्हता. डोक्याचा सीटी झालाच नव्हता. डाय कशासाठी दिला, हा प्रश्न मग आपोआप आला. खालाचा तो सीटी आयसीयूतून नेऊन रात्री काढला. मेंदूत रक्तस्राव नव्हता, हे नशीब.

पण आम्हाला खरी धडकी भरली ती दुसऱ्याच विचाराने. खालाच्या पोटाची छायाचित्रे त्या दुसऱ्या बाईच्या नावावर पडली होती. खालाचे पोट निरोगी. म्हणजे त्या बाईला, जिची डॉक्टरांना काही गंभीर शंका होती, ‘सगळे ठीक आहे’ असा रिपोर्ट मिळाला असता आणि ती गावी परतली असती. आम्ही सब्र करून गप्प बसलो असतो तर ते सब्र आमचे आणि त्याची किंमत तिची. तिचा सीटी दुसऱ्या दिवशी पुन्हा झाला. काय निघाले ते लिहिण्याचा हक आम्हाला नाही. रिपोर्ट साफ नव्हता, एवढेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी विभागाचे प्रमुख डॉक्टर स्वतः आले. त्यांनी आम्हाला कॉरिडॉरमध्ये उभे न ठेवता खोलीत बसवले आणि सरळ सांगितले की चुकीच्या रुग्णाला इंजेक्शन गेले, चूक आमची आहे, मी माफी मागतो. अजून सगळे कळलेले नाही, जसे कळेल तसे सांगेन. आमच्या मामूंना बोलायला बऱ्याच गोष्टी सुचून ठेवल्या होत्या. त्यातली एकही त्यांना बोलता आली नाही. इंग्लंडमध्ये २०१४ पासून सरकारी रुग्णालयांवर हे कायद्यानेच बंधन आहे. रुग्णाला गंभीर इजा झाली तर त्याला किंवा घरच्यांना सांगायचे, माफी मागायची, लेखी द्यायचे. आपल्याकडे ते अजून डॉक्टरच्या ईमानावर आहे, आणि या डॉक्टरांनी ते राखले.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली होती, तिचे महत्त्व आम्हाला नंतर समजले. त्याच दिवशी दोन्ही फॉर्म, रजिस्टरचे पान आणि मशीनमधली वेळेची नोंद त्यांनी बाजूला काढून ठेवली होती. चार दिवसांनी आठवणी बदलतात, कागद ‘दुरुस्त’ होतात. आम्ही आमच्या बाजूने केस पेपरच्या प्रतींसाठी अर्ज दिला आणि पोच घेतली. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. हे पुष्कळ घरांना माहीत नाही. कागद मागणे म्हणजे भांडण मांडणे असे समजून लोक मागतच नाहीत.

पंधरा दिवसांनी बैठक झाली. पहिला निर्णय आधीच तयार होता, वॉर्डबॉयला काढून टाकायचे. तो कंत्राटी, बावीस-तेवीस वर्षांचा. घरी खालाला हे कळले तेव्हा ती उठून बसली. “उस पोरे कू काय कू निकाल रहे? ‘जी’ तो मैं बोली थी ना!” तिचे म्हणणे आम्ही बैठकीत सांगितले. मग हळूहळू बाकीचे बाहेर आले. चार वॉर्डांचे रुग्ण आणायला तो एकटाच होता. फॉर्म रुग्णासोबत न येता सकाळीच गठ्ठ्याने खाली यायचे. मनगटाला नावाची पट्टी फक्त स्पेशल रूमच्या रुग्णांना बांधत. आणि नाव विचारण्याची पद्धतच अशी की उत्तर प्रश्नातच दिलेले. ‘तुम्ही अमुक ना?’ असे विचारल्यावर घाबरलेला, कमी ऐकू येणारा, साहेबासमोर नाही म्हणायची सवय नसलेला माणूस होच म्हणणार. वर्गात मुलांना ‘समजले ना?’ विचारून काय उत्तर येते ते कोणत्याही शिक्षकाला विचारा.

तो मुलगा कामावर राहिला. पट्टी सगळ्यांना लागू झाली. नाव सांगायचे नाही, विचारायचे, असे ठरले. सोबत वडिलांचे किंवा पतीचे नाव, इनडोअर नंबर आणि कोणत्या भागाचा सीटी आहे हेही रुग्णाकडून किंवा सोबतच्याकडून वदवून घ्यायचे. डाय भरण्यापूर्वी अॅलर्जीचा प्रश्न फॉर्मला नाही, माणसाला.

घरात वाद मात्र चालू राहिला. वडीलधारे म्हणत, एवढे खोदून काय मिळाले? माफ करून टाकायचे होते. माफीला आमचा विरोध नव्हताच. पण सूरह निसामध्ये नकळत घडलेल्या हत्येचा विचार आहे, तो आम्हाला इथे आठवतो. ती जाणूनबुजून केलेल्या हत्येसारखी मानलेली नाही, तरी हिशेबाबाहेरही सोडलेली नाही. वारसांना भरपाई आहे, आणि ती माफ करण्याचा अधिकार त्यांचाच आहे. आता जे झाले ते सांगितलेच नाही, तर माफ कशाला करायचे? मौलाना साहेबांपाशी विषय निघाला तेव्हा ते हसून म्हणाले, तवक्कुल उंट बांधल्यावर सुरू होतो, उंट हरवल्यावर मालकाला गप्प करण्यासाठी नाही.

सांगितल्याने काय होते याचे एक मोठे उदाहरण लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयाचे आहे. तिथे पक्षाघाताच्या संशयितांच्या मेंदूच्या एका खास सीटीत किरणांची मात्रा नेहमीच्या सुमारे आठपट जात होती. अठरा महिने, २०६ रुग्ण. मशीनच्या सेटिंगमध्ये एकदा बदल झाला आणि तोच पुढे चालत राहिला. आकडा प्रत्येक वेळी पडद्यावर दिसत होता, कोणी पाहत नव्हते. २००९ मध्ये एका रुग्णाने आपले केस पट्ट्याने गळाल्याचे सांगितले तेव्हा उलगडा झाला. रुग्णालयाने सरकारी यंत्रणेला कळवले, तिने देशभर इशारा दिला, आणि मग इतर काही रुग्णालयांतही तेच सापडले. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियाने कायदाच केला की सीटीची मात्रा रिपोर्टमध्ये नोंदवली पाहिजे. एका माणसाच्या केसांपासून हे सुरू झाले.

आपल्या देशात एक्स-रे आणि सीटीवर अणुऊर्जा नियामक परिषदेची देखरेख असते, परवाना लागतो. एमआरआयमध्ये किरणे नसल्याने तो तिच्या कक्षेत येत नाही. सोनोग्राफीवर कडक कायदा आहे, पण तो मुलींच्या जिवासाठी, तपासणीतल्या चुकांसाठी नव्हे. म्हणून विचारणाऱ्या घरांची गरज जास्त.

विचारणाऱ्यांनी सांगायलाही हवे. एमआरआयच्या दारात हिजाबच्या पिना काढायला सांगितल्या की काही भगिनी एक-दोन आत तशाच राहू देतात. पडद्याची अडचण असेल तर बाई टेक्निशियन मागा, आडोसा मागा, पण पिन ठेवू नका. तावीज चांदीचा असला तरी त्याची कडी कशाची आहे कोणास ठाऊक. दिवस गेल्याची शक्यता सासूसमोर बोलता येत नसेल तर टेक्निशियनला बाजूला घेऊन सांगा. रमजानमध्ये रोजा लपवून डायचे इंजेक्शन घेणारेही आम्ही पाहिले आहेत. किडनी कमजोर असलेल्याच्या अंगात त्या वेळी पाणी कमी असणे बरे नाही.

सहा महिन्यांनी खालाला पुन्हा त्याच विभागात न्यावे लागले, या वेळी गुडघ्याचा एक्स-रे. मनगटाला पट्टी होती. बाकावर आणखी दोघी-तिघींच्या हाताला होती. पण आतून आलेल्या नव्या मुलीने फॉर्म बघत जुन्याच सवयीने विचारले, “तुम्ही अमुक ना?”

खाला आता ‘जी’ म्हणत नाही. तिने पट्टीचा हात पुढे केला आणि म्हणाली, “कौनसी वाली?”